मंगळ्याचा वाटा

माझं तोंड फाटकं आहे असं अख्खं नेरे गाव म्हणतं, आणि खोटं नाही म्हणत. आशाताईचं काम करून करून बाईचं तोंड असंच होतं. गोळ्या घेतल्यास का, पोराला लस दिलीस का, सोनोग्राफीला कधी जाणार, दिवसभर ओरडायचंच. माझे यजमान म्हणतात, चंद्रावती झोपेतसुद्धा कुणाला तरी दवाखान्यात नेत असते. पण मंगळ्या वाघेची गोष्ट सांगायला बसले की माझा आवाज आपोआप खाली येतो. का, ते तुम्हीच बघा.

मंगळ्या कातकरी. नेऱ्याच्या वर, डोंगराच्या पायथ्याला वाडी आहे, तिथला. मंगळवारी जन्मला म्हणून मंगळ्या. त्या वाडीत बुधवारचे बुध्ये आहेत, सोमवारचे सोम्ये आहेत. वय विचारलं तर म्हणतो, "तूच लिव काय ते." अंगाने काटकुळा, केस अजून काळे, आणि हसला की समोरचा पडका दात आधी दिसतो.

जमीन नावालाही नाही. पावसाळ्यात लोकांच्या शेतावर लावणी, दिवाळी झाली की वीटभट्टी. भट्टीचा ट्रक येतो, वाडीतली धडधाकट माणसं भांडीकुंडी आणि कोंबड्यांसकट त्यात चढतात, ती पाऊस तोंडावर आला की परत. अर्धं आयुष्य त्याने चिखल तुडवण्यात घालवलं. पण मंगळ्या खरा बघायचा तो ओढ्यावर. आम्ही आगरी, आमच्या सासऱ्यांचा जन्म खाडीकाठच्या खाजणात गेला, मासळीची अक्कल आम्हाला कुणी शिकवायला नको. तरी सांगते, असा हात मी दुसरा पाहिला नाही. खेकड्याच्या बिळात कोपरापर्यंत हात घालायचा, बाहेर कुणाशी तरी गप्पा मारत राहायचं, आणि नांगी आवळायच्या आत मुठा खेकडा बाहेर. मी एकदा करून पाहिलं. आठवडाभर बोट सुजलं होतं माझं, आणि वाडी पोट धरून हसली होती.

वाडीत त्याला मान होता तो वाटे घालणारा म्हणून. त्यांच्यात रीत अशी, की सगळ्यांनी मिळून ओढ्याला बांध घातला, पाणी उपसलं, मासे धरले, की जेवढी घरं तेवढी सागाची पानं ओळीने मांडायची. जो आला त्याचं पान, जो तापाने पडून राहिला त्याचंही पान, नवरा मेलेल्या बाईचंही पान. एकच माणूस वाटे घालतो, आणि जो वाटे घालतो तो आपलं पान सर्वांत शेवटी उचलतो. मंगळ्या वीस-पंचवीस वर्षं वाटे घालत होता. म्हणजे एवढी वर्षं त्याने बारकेच मासे खाल्ले.

तर गेल्या पावसाळ्याच्या शेवटी आरोग्य तपासणीची गाडी वाडीवर आली. मंगळ्या रांगेत नव्हता, रांग लावत होता. मीच त्याला धरून डॉक्टरीणबाईंसमोर उभा केला, कारण चढावर त्याला धाप लागते हे मी महिनाभर बघत होते. बाईंनी छातीला नळी लावली आणि काढेचनात. मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "लहानपणी कधीतरी ताप आला असेल, त्याने हृदयाची झडप खराब झालीय. ऑपरेशनच करावं लागेल. भट्टीला जायच्या आधी करा. हा माणूस असा भट्टीवर गेला तर परत येणार नाही."

पण घाबरण्याचं कारण नव्हतं, कार्ड होतं ना! सरकारी योजनेचं कार्ड मीच सगळ्या वाडीचं काढून दिलेलं. मी मंगळ्याला समोर बसवलं आणि सांगितलं, की असं असं आहे, ऑपरेशन मोठं आहे, पण तुला काही द्यावं लागणार नाही.

तो म्हणाला, "मंग कोण देतो?"

"सरकार."

"सरकार कुठून आणतो?"

आता ह्याला काय अर्थसंकल्प शिकवू? मी म्हटलं, "अरे, देशातली सगळी माणसं थोडं थोडं घालतात. ते एका जागी जमा होतं. मग ज्याला गरज पडेल त्याने त्यातून घ्यायचं."

त्याचा चेहरा उजळला. "म्हंजे वाट्यासारखं!"

"हो रे बाबा, अगदी वाट्यासारखं," मी म्हटलं. त्यात माझं काय चुकलं, सांगा! विमा म्हणजे दुसरं काय असतं? पण तिथेच गाडं रुतलं. मंगळ्या थोडा वेळ विचार करून उठला आणि म्हणाला, "मंग मी शेवटी."

मला वाटलं चेष्टा करतोय. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात बघते तर मंगळ्या, आणि त्याच्या मागे गोदू म्हातारी. "हिला काय दिसत नाय. हिचं आदी कर." गोदूच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. मी कितीदा वाडीवर जाऊन गळा फोडला होता तिच्यासाठी! मी वाडीत शिरले की ही माणसं झाडीत शिरायची. आणि आता ती आपल्या पायांनी माझ्या दारात, का तर मंगळ्याने सांगितलं की हा सगळ्यांचा वाटा आहे, नाय घेतला तर वाया जाईल. गोदूनंतर सुदामला आणलं, त्याचा हर्निया कोकणी नारळाएवढा झालेला. मग भरतची पोर, जन्मापासून ओठ दुभंगलेली. ती पोर आईच्या पदराखालून कधी बाहेर आली नव्हती.

आणि कामं झाली हो! खोटं कशाला बोलू, मी ह्या योजनेला शिव्याही घातल्यात आणि घालीनही, पण डोळ्यांनी पाहिलं ते सांगते. गोदूची पट्टी सुटली, तिने आधी स्वतःचे हात उलटेपालटे करून पाहिले, मग मंगळ्याकडे बघून म्हणाली, "आगो बाय, तू येवडा म्हातारा कदी झालास?" भरतच्या पोरीचा ओठ असा जुळला की जवळ जाऊन बघावं तेव्हा बारीक रेघ दिसते. तिची आई आरसा घेऊन सगळ्या वाडीभर फिरली. मी तोंडात बोट घालून बघत राहिले. ज्या लोकांना माझ्या लहानपणी पनवेलच्या दवाखान्याच्या ओट्यावरही कुणी बसू देत नव्हतं, त्यांची पोर पांढऱ्याशुभ्र गाद्यांवर झोपून हसत परत आली. आणि कुणाच्या ओळखीने नाही, कुणाच्या पाया पडून नाही.

पण मंगळ्या? मंगळ्या ओढ्यावरून वाडीत यायला आता चारदा बसत होता. ओठ निळसर दिसायला लागले. रात्री आडवं झालं की श्वास कोंडतो म्हणून कुडाच्या भिंतीला टेकून झोपायचा. मी गेले की म्हणायचा, "अजून बुध्याच्या सुनेचं हाय. तिचं होऊ दे."

मी हात टेकले. म्हटलं, "मेल्या, वाडीचा एक ढीग नाय तो. प्रत्येक घराचं वेगळं हाय. तुझ्या घरचं तुझंच, त्याला दुसरा कोण हात लावत नाय."

तो माझ्याकडे बघून हसला. "घालताना सगळी एकात घालतात, नि घेताना येगळी? असं कुठं असतं काय, ताय?"

पालथ्या घड्यावर पाणी! मी तणतणत खाली आले आणि थेट कोमलला फोन लावला. कोमल म्हणजे हॉस्पिटलात योजनेच्या टेबलावर बसणारी मुलगी. विचुंबे गावची, हुशार, पण दिवसभर लोकांच्या शिव्या खाऊन पिचलेली. म्हटलं, ह्याला नीट समजेल असं काहीतरी सांग. ती म्हणाली, "ताई, लिमिट पर फॅमिलीच आहे. पण बेड तर सगळ्यांना मिळून तेवढेच आहेत ना? आणि हॉस्पिटलांची बिलं वर अडकली की ती योजनेचे पेशंट घ्यायला टाळाटाळ करतात. वेटिंग आहे. तुमच्या माणसाला लवकर आणा, एवढंच सांगते." म्हणजे घरटी वेगळं असूनही ढीग शेवटी एकच. हे मी मंगळ्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो आणखी दहा माणसं मागे बसला असता.

त्याची बायको पारू. दहा शब्दांच्या जागी एक बोलणारी. एका दुपारी ती एकटीच घरी आली, ओटीवर टेकली, चहा घेतला नाही.

"आपरेशन केला तर जगल?"

"जगेल. डॉक्टर म्हणतात जगेल."

"नाय केला तर?"

मी चहाची कपबशी पुन्हा तिच्यापुढे सरकवली. पारूने माझ्या तोंडाकडे पाहिलं, उठली आणि गेली.

दिवाळी सरली. भट्टीचा ट्रक येणार म्हणून वाडीने ओढ्याला शेवटचा बांध घातला. मी तापाच्या रक्ताचे नमुने घ्यायला वर गेले होते, तर सगळे तिथेच जमलेले. मासे बऱ्यापैकी मिळाले होते. पानं मांडून झाली. मंगळ्या ढिगाजवळ उकिडवा बसला आणि श्वास घ्यायला थांबला. थांबलाच. छाती भात्यासारखी वरखाली होत होती, हात पुढे येत नव्हता. लोक वाट बघत होते.

तेव्हा पारू उठली आणि नवऱ्याला खांद्याने बाजूला सारून ढिगाशी बसली.

त्या वाडीत बाईने वाटे घातलेले मी तरी कधी पाहिले नव्हते, आणि बाकीच्यांच्या तोंडावरून दिसत होतं की त्यांनीही नव्हते. पण कुणी हूं की चूं केलं नाही. पारूचे हात भराभर चालले. मोठे, मधले, बारके, एकेका पानावर. घालून झालं. मग तिने सर्वांत पहिलं पान उचललं, ज्यावर भला मोठा मळ्या मासा होता ते, आणि नवऱ्यासमोर ठेवलं.

"आज वाटे मी घातलं," ती म्हणाली. "मी शेवटी. तू पयला."

मंगळ्याने मान वर केली. एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. कुणीतरी हसेल, कुणीतरी म्हणेल की ही काय रीत झाली, म्हणून बघत असावा. सुदामने नजर चुकवली. भरतची पोर आईच्या कडेवरून टकामका बघत होती. आणि त्यांच्यात घातलेला वाटा परत करायचा नसतो. परत केला म्हणजे वाडीलाच नको म्हटल्यासारखं.

"घे रे," गोदू म्हातारी ओरडली. "मासा सुकतंय!"

मंगळ्याने पान उचललं. उचललं आणि हमसाहमशी रडायला लागला. एवढा मोठा बाप्या, पण असा रडला की मला तिकडे पाठ करून उभं राहावं लागलं. मग नाक पुसत मला म्हणाला, "कदी जायचं ताय?"

ट्रक त्या दोघांना न घेताच गेला.

आता पुढचं सांगताना मला अजून संताप येतो. पहिलं हॉस्पिटल म्हणालं, योजनेचा बेड नाही. हॉस्पिटलाचं नाव घेत नाही, उगीच भांडण नको. मी बाहेर आले आणि आवाज बदलून त्यांनाच फोन केला, की पेशंट रोख भरणारा आहे. "या ना मॅडम, लगेच या." लगेच! मी परत आत गेले आणि त्या काउंटरवर जे काही बोलले ते इथे लिहिता येणार नाही. त्याने बेड काही मिळाला नाही, पण मला बरं वाटलं.

मग कोमलच्या हॉस्पिटलात. तिथे अंगठा लावायला सांगितला, तर अंगठा उठेना. कोमल पुसतेय, मंगळ्या शर्टाला घासतोय, मशीन आपलं लाल दाखवतंय. सगळी बोटं करून झाली. इतकी वर्षं भट्टीची माती आणि राख, रेषाच राहिल्या नव्हत्या. मंगळ्या ओशाळला. मला हळूच म्हणाला, "ताय, मी तो मंगळ्या नाय असं बोलतंय काय ते?" शेवटी कोमलने मोबाइल त्याच्या तोंडासमोर धरला, चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय असते म्हणे, आणि एकदाचं हिरवं झालं. तरी एक तपासणी योजनेत बसत नाही म्हणाले, ती बाहेरून करून आणली. मंजुरीची वाट बघत व्हरांड्यात बसलो. काय सांगू, हातातोंडाशी आलेला घास आणि मध्ये सतरा दारं!

पण मंजुरी आली. आणि त्यानंतर जे पाहिलं त्यापुढे माझा राग गारच झाला.

सर्जन तरुणच होते. त्यांनी पारूला समोर बसवून सांगितलं, की छाती उघडणार, हृदय थांबवणार, तेवढा वेळ मशीन रक्त फिरवणार, आत नवी झडप बसवून हृदय पुन्हा चालू करणार. पारूने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "काळीज थांबल, तवर हा कुठं असल?"

डॉक्टरांनी हातातला कागद खाली ठेवला. मग म्हणाले, "इथेच असेल, बाई. आम्ही धरून ठेवू त्याला."

मी गेली वीस वर्षं दवाखान्यात येते-जाते. हृदयाचं ऑपरेशन हा शब्द मी शंभरदा बोलले असेन. पण त्या दिवशी त्या बंद दाराबाहेर बसल्यावर मला पहिल्यांदा कळलं की आपण काय बोलत होतो ते. भिंतीपलीकडे एका माणसाचं काळीज थांबलेलं आहे आणि माणूस मेलेला नाही! त्यासाठी आत दहा-बारा शिकलेली माणसं उभी आहेत. कुठल्या तरी कारखान्यात कुणीतरी नखाएवढी नाजूक पाकळी घासून झडप बनवलीय. कुणीतरी अनोळखी माणसाने रक्त दिलंय. आणि हे सगळं कुणासाठी, तर ज्याच्याकडे घराच्या कुडाला लावायला चांगला बांबू नाही अशा माणसासाठी. शेजारी गोदू होती, नव्या डोळ्यांनी नुसती त्या दाराकडे बघत. पारू मात्र जमिनीकडे बघत होती.

संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले आणि मानेनेच हो म्हणाले. पारू उठली आणि थेट त्या दाराशी जाऊन उभी राहिली.

वॉर्डात आणल्यावर मंगळ्या पहिलं बोलला ते हे, "ताय, माझ्या आत काय तरी वाजतंय." धातूची झडप होती, तिचा आवाज येतो. पारूने त्याच्या उशाशी वाकून कान जवळ नेला. बराच वेळ ती तशीच होती. मग गोदूने ऐकलं, मग भेटायला आलेल्या सुदामने, टाक्यांपायी तोही भट्टीला गेला नव्हता. नर्स ओरडली, "अहो, टाक्यांना हात लावू नका, ही काय जत्रा आहे का!" आणि सगळे बाहेर गेल्यावर तिने हळूच स्वतः वाकून ऐकलं. मीही ऐकलं. टिक, टिक, टिक. देवळात गेल्यावर मी एवढ्या मनापासून हात जोडत नाही.

आता सगळं गोड झालं असं समजू नका. त्या झडपेपायी रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर घ्यायचीय, दर महिन्याला रक्त तपासायचंय. वाडीवरून पनवेलला येणं-जाणं, त्यात मजुरी बुडणार, आणि भट्टीचं काम तर कायमचं बंद. मी कोमलला विचारलं, हे कुठल्या पॅकेजात बसतं? तिने यादी वरून खालपर्यंत पाहिली आणि मिटून ठेवली. काळीज बदलायची सोय आहे, पुढे महिन्याच्या महिन्याला त्याला जपायची सोय कुठे आहे ते मी अजून शोधतेय. दारं ठोठावतेय, तोंड आहेच फाटकं.

घरी सोडलं त्या दिवशी आम्ही तिघं हॉस्पिटलच्या फाटकात रिक्षाची वाट बघत उभे होतो. समोर हायवे. उलव्याकडे जाणारे डंपर, एसटी, स्कूटरवरच्या पोरी, डबे घेऊन चाललेल्या बाया, टाय लावलेले बाप्ये. मंगळ्या सगळं नव्याने बघितल्यासारखं बघत होता.

"ताय, ही सगळी माणसं घालतात?"

"काय घालतात?"

"त्याच्यात. माझं जे झालं त्याच्यात."

"हो," मी म्हटलं. "सगळीच घालतात."

मंगळ्याने पिशवी खाली ठेवली आणि हात जोडले. डंपरवाल्याला. स्कूटरवरच्या पोरीला. टायवाल्याला. जो जाईल त्याला. वॉचमन हसायला लागला. टायवाल्याला वाटलं भीक मागतोय, त्याने हातानेच नाही म्हटलं. पारू लाजून त्याचा शर्ट ओढत होती. मी ओरडणार होते की पुरे कर, लोक बघतायत. पण त्याऐवजी मी वॉचमनकडेच डोळे वटारले.

मग त्याचे हात हळूहळू खाली आले. मान खाली घालून म्हणाला, "आमी वाडीवालीच तेवडी काय घालत नाय. नुसती घेतो."

"कोण म्हणतं?" मी म्हटलं. "साबण घेतोस ना? मोबाइलचं रिचार्ज मारतोस? काडेपेटी, बिडी? प्रत्येकाच्या किमतीत सरकारचा भाग असतो. तो तिकडेच जातो."

"बिडीचापण?"

"बिडीचा तर सगळ्यात जास्त, मेल्या. आता डॉक्टरांनी बंद केलीय, लक्षात ठेव."

त्याला खरं वाटेना. त्याने पारूकडे पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडे. "कदीपासून घालतोय मी?"

"पहिली काडेपेटी घेतलीस तेव्हापासून."

रिक्षा आली, पारूने पिशवी आत ठेवली, रिक्षावाला बसा बसा करायला लागला. मंगळ्या तिथेच उभा होता, छातीवर हात ठेवून. रस्त्यावरच्या एकेका माणसाच्या तोंडाकडे निरखून बघत होता, कुणाला तरी शोधत असल्यासारखा.

"म्हंजे ताय," तो म्हणाला, "माझंपण ह्यांच्यातल्या कोणाला तरी लागलं असल."